रेडिओची खरखर

शिराळ्यात माझे तक्रारअर्ज टंकणारे ते गृहस्थ पूर्वी सैन्याच्या बिनतारी विभागात होते. रोज त्यांनी संगणक लावला की आतल्या खोलीत त्यांच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, रेडिओ खरखरू लागे.

"आवं वकीलसाहेब, ह्यो संगणक चहाडखोर हाय. पडद्यावरचं समदं रेडिओलहरींतनं हवेत सांडतंय, कुणीबी पकडावं," असे ते मला चेष्टेने, पण मनापासून बजावत. या गळतीविरुद्ध कायदा नाही, म्हणून मी सरकारला संतप्त पत्रे धाडली. तीही त्यांनीच टंकली.

त्यांच्या कर्करोगाच्या तपासणीचा अहवाल यायचा होता, त्या दिवशी मात्र त्यांनी संगणक लावला नाही. अहवाल माझ्या फोनवर मागवला, वाचला आणि म्हणाले, "तिच्या रेडिओला कळाय नको."

ते वारल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "त्या दिवशी रेडिओ खरखरला न्हाई, तवाच मला कळलं."