व्हानच्या बाजारातली कालवं

दुपारी खिडकीची झडप ओढून मी आडवी होते. खाली चौकात व्हानचा बाजार उठत आला आहे. खोकी आपटल्याचे आवाज लांब लांब जातात आणि मग एक आवाज जवळ येतो.

"झोपलीस काय? चल, कालवं संपतील."

हे उभे आहेत. रघुवीर, माझे यजमान. जाऊन वर्ष होत आलं. वेंगुर्ल्याला आमची खाणावळ होती. हे रांधायचे, मी चाखायची. शेवटच्या आजारात यांच्या जिभेची चव गेली, तरी चुलीपुढून हलले नाहीत. मीठ हवं, कोकम पुरे, असं मी सांगायची. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचा हा समुद्राकाठचा बाजार बघायचा, हा यांचाच हट्ट. म्हणून आले, एकटीच. पण हे गेल्यापासून मला कशालाच चव लागत नाही.

जिना उतरावा लागत नाही. एक बाई काळ्या तव्यावर पीठ फिरवते आहे.

"अगं, घावन!" हे हरखतात.

"काळसर पिठाचं. इथे गॅलेत म्हणतात."

"कसं लागतं?"

"खाल्लं नाही."

"आणि तो लोण्याच्या पदरांचा केक?"

"घेतला होता. टाकून दिला."

हे पुढे चालू लागतात. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढे बर्फावर खेकडे, बांगडे. बर्फ संपतो तिथे पायाखाली ओली वाळू लागते, वेंगुर्ल्याच्या बंदरावरची. रबरी एप्रन घातलेली फ्रेंच कोळीण म्हणते, "घे गो बाय, ताजी आसत."

हे सुरीने कालव उघडू लागतात. सुरी घसरते. मी धरायला जाते, शिंपला निसटतो.

"लागलं?"

"नाही हो."

"मग खा. आणि सांग."

"मला चव कळत नाही आता."

"मला तरी कुठे कळत होती? तू सांगायचीस, मी जेवायचो."

मी तोंडात घेते. गार.

"खारट आहे."

"किती?"

"आपल्यापेक्षा जास्त. मागाहून गोडसर... कोवळ्या काकडीसारखं."

हे डोळे मिटतात. घास गिळल्यासारखा गळा हलतो. "मग लिंबू नको," म्हणतात.

"अहो, तो केकही चाखते. इथेच थांबा हं."

मी धावते. गाळे उघडे, माणसं नाहीत. तवा गार पडला आहे. मागे वळते तर वाळूवरही कुणी नाही.

डोळे उघडतात. खाली पाइप लावून चौक धुताहेत. मला भूक लागली आहे, सपाटून, आणि ते ज्याला सांगावं असं या गावात कुणी नाही. चादर सारताना अंगठा चुरचुरतो. त्यावर बारीक चीर आहे, आणि चिरेत शिंपल्याचा करडा कण रुतलेला. नखाने काढायला जाते आणि थांबते.