अक्कांचे टाके

“माज्या विरुद्ध काय हाय ते आदी सांग गं,” असं म्हणून बोलायला सुरुवात करणारं माणूस मी एकच पाहिलं. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, साजगावच्या अक्का. भांडण शेजारणीशी असो की सुनेशी, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय त्या आपली मांडत नसत. विहारात प्रवचन संपलं की पहिला प्रश्न त्यांचाच, “हे कशावरून, भंतेजी?” भंतेजी हसायचे, आम्ही बायका पदराआड तोंड लपवायचो.

नात्यातल्या आणि आळीतल्या प्रत्येक बाळाचं पहिलं झबलं अक्कांच्या हातचं असे. मशीन नाही, हातशिलाई. टाका तांदळाच्या कणीएवढा. म्हणून हात थरथरायला लागला तेव्हा त्या घाबरल्या. “चहा सांडला तर सांडू दे. सुई सुटली तर मी कोन गं?”

मी त्यांना पनवेलला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात वाकवून पाहिले, चालायला लावलं आणि कंपवात असल्याचं सांगितलं. गोळ्या जन्मभर.

“कशावरून, डॉक्टरसाहेब?”

मी त्यांचा पदर ओढला. डॉक्टरांनी आठी घालून का होईना, समजावलं.

“आनि दुसऱ्या कशानं असं होतं का?”

“काही औषधांनी होतं, आजी. तुम्ही कुठली घेता?”

“बीपीची येकच.”

परतताना शिळफाट्याला मेडिकलसमोर अक्कांनी पिशवीतून एक रिकामी पट्टी काढली. “हीच दे रं.”

“ही कसली?” मी विचारलं.

“ही व्हय? चक्करची.”

आपल्याकडे ही रीतच आहे. नाक्यावर जाणाऱ्याच्या हाती रिकामी पट्टी द्यायची, संध्याकाळी भरलेली घरी येते. चिठ्ठी कोणी मागत नाही. मग ती गोळी औषध राहत नाही, चहापत्तीसारखं घरातलं सामान होते. चक्कर आली तेव्हा गावच्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली ती गोळी अक्का कित्येक वर्षं घेत होत्या.

पट्टी हातात धरून त्या तिथेच थबकल्या. “ही पन गोळीच की गं!”

दुसऱ्या कोणी ती गटारात फेकली असती. अक्कांनी आधी पुरावा मागवला. आळीतल्या बायकांनी जपून ठेवलेली झबली परत आणायला लावली आणि बाळांच्या वयाप्रमाणे खाटेवर मांडली. चक्कर येण्याआधीच्या झबल्यांचे टाके सरळ होते, नंतरचे हळूहळू भरकटत गेलेले.

“झालं! ती गोळीच,” सून म्हणाली.

“थांब. हे बघ.” गोळीच्या आधीचंच एक झबलं, पण टाका वाकडा. “हे माज्या विरुद्ध. हे पन न्यायचं.”

“आजी, हे काय दुकान मांडलंत?” टेबलावरची झबली पाहून पनवेलचे डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पट्टी वाचली आणि एकेक झबलं उचलून बराच वेळ पाहिलं. “ही गोळी चालू कोणी ठेवली?”

“मीच. तुमाला सांगितली नाय, ती बी चूक माजीच.”

“ही बंद करू. माझ्या गोळ्या सध्या नकोत. पण हात सुधारेलच अशी खात्री देत नाही.”

“खात्री नको. वाट बघते.”

कित्येक महिन्यांनी हात स्थिरावला. आळीत बोलबाला झाला, अक्कांनी डॉक्टरला हरवलं! अक्का भडकल्या. “हरवलं काय? त्यानं माजं ऐकलं म्हनून हात वाचला. नाय तर मी खरी असून थरथरतच मेले असते.”

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर दुसरे होते, अक्कांचे प्रश्न तेच. कशावरून? दुसरं काही असू शकतं का? डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट उलगडून दाखवले. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाल्या, “या वेळी माज्या बाजूनं काय बी नाय गं. पटलं मला.” मी रडले. त्यांनी विचारलं, “रियाला कितवा महिना लागला?”

घरी येताना वाटेत मलमल घेतली. अंगात ताकद असे तेवढा वेळ त्या खिडकीशी बसून शिवत. झबलं पुरं झालं आणि मग त्या गेल्या.

रिया, ते तुझ्याकडे पाठवते आहे. बाळाला घालण्याआधी उलटं करून बघ. आतली शिलाईसुद्धा बाहेरच्याइतकीच सरळ आहे.