बिंदुमाधवांची संथा

बिंदुमाधवांच्या टेबलावर कागद ठेवायला बंदी होती. बनारसमधल्या सिग्रा भागातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मुख्य कारागिराची खुर्ची एकोणीस वर्षं त्यांची होती. कुठल्या मॉडेलला किती स्क्रू, कुठली कळ दाबली की यंत्र स्वतःची तपासणी करतं, सगळं तोंडपाठ.

वय सत्तावन्न, घर ब्रह्मा घाटावरच्या जुन्या मराठी वस्तीत. वडील विश्वेश्वरशास्त्री वेद शिकवत. त्यांच्याकडे पोथी उघडून पाहणाऱ्या शिष्याला त्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण मिळे. एकोणिसाव्या वर्षी बिंदुमाधव परीक्षकांसमोर एका ओळीवर अडकले. त्याच दुपारी वडिलांनी त्यांना शिष्यांच्या पंगतीतून उठवलं. पुढे त्यांनी कॉम्प्युटरचं काम धरलं, पण शिकण्याची आणि शिकवण्याची रीत घरचीच राहिली.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते संथा देत. एक पायरी ते म्हणणार, शिकणाऱ्यानं ती दोनदा म्हणायची, मग पुढची. म्हणताना त्यांचा उजवा हात मांडीवर वर-खाली होई, जसा वेद म्हणताना स्वर दाखवायला होतो. शिकणारा चुकला की एकच शब्द, "पुन्हा." मग पहिल्या पायरीपासून, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. सगळं बनारस एकमेकांना 'गुरू' म्हणतं, यांना मात्र 'गुरुजी' म्हणावं लागे.

पाच वर्षांपूर्वी स्वरदा आली तेव्हा तिशीची होती आणि डिप्लोमा करून आली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं वही काढली.

"पोथी आणलीय बाईंनी," बिंदुमाधव म्हणाले. "सत्यनारायण आहे वाटतं. प्रसाद कधी?"

वही त्यांनी टाकून दिली नाही. तिची पानं फाडून स्क्रूच्या पुड्या बांधायला घेतली. पुढचे तीन महिने स्वरदा स्वतःच्या अक्षरातल्या पुड्या उघडून त्यांच्या हातात स्क्रू देत होती. दुसरी वही तिनं घरी ठेवली.

यंदा फेब्रुवारीत एका कंपनीनं दुकानाला अधिकृत सेवा केंद्राचा दर्जा देऊ केला. अट एक होती. मुख्य कारागिरानं कंपनीच्या माणसासमोर परीक्षा द्यायची. संपूर्ण पुसून नव्यानं विंडोज टाकलेल्या लॅपटॉपवर हार्डवेअर तपासणारं टूल बसवायचं, विंडोज सुरू होण्याआधी चालेल असं. जो पास होईल त्याचं नाव पाटीवर.

दुकानाचा मालक ऋतुराजही ब्रह्मा घाटावरचाच. दुकान त्याच्या वडिलांकडे होतं तेव्हा त्यानंही बिंदुमाधवांकडून ही संथा घेतली होती. त्यानं दोघांना बोलावलं.

"दोघंही बसा. पास होईल त्याची खुर्ची."

"हिच्याबरोबर बसू मी?"

"काका, कंपनीला वय नाही समजत."

बारा पानांची मार्गदर्शिका त्यानं पुढे केली. बिंदुमाधवांनी ती उघडली नाही. "तुझे वडील होते तेव्हापासून येतं हे मला."

गुरुवारी सकाळी अकराला लखनौहून तपासनीस आला. काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. त्यांना बाहेर थांबवावं, असं ऋतुराजला वाटलं नाही.

"शुरू करें, गुरुजी," तपासनीस म्हणाला.

बिंदुमाधवांनी लॅपटॉप सुरू करून एफ-टू दाबलं. टूल सापडत नाही, असा संदेश आला. इथपर्यंत अपेक्षितच होतं. त्यांनी विंडोजमध्ये जाऊन टूल उतरवून घेतलं, बसवायला लावलं. जागा अपुरी आहे, असं उत्तर आलं. परीक्षा खरी इथे होती. टूल पेनड्राइव्हवर बसवायचं आणि तिथूनच चालवायचं. तयार पेनड्राइव्ह त्यांच्या कोपराशी ठेवलेला होता.

त्यांची पाठ झालेली पुढची पायरी वेगळी होती. जुन्या लॅपटॉपमध्ये या टूलसाठी डिस्कवर एक छोटा छुपा भाग असे. टूल नीट बसलं नाही की तो भाग पुसून नवा करायचा. नव्या लॅपटॉपमध्ये तसाच दिसणारा छोटा भाग लॅपटॉप सुरू करण्यासाठीच लागतो. मार्गदर्शिकेच्या नवव्या पानावर हे जाड अक्षरात, चौकटीत छापलं होतं.

हात मांडीवर हलत होता, ओठ पुटपुटत होते. त्यांनी तो भाग पुसायची आज्ञा दिली. लॅपटॉपनं नकार दिला, भाग संरक्षित आहे. त्यांना त्याच्यावरचीही पायरी पाठ होती. पडद्यावरचा इशारा न वाचता त्यांनी आज्ञेपुढे जबरदस्तीचा शब्द जोडायला घेतला.

मागे बसलेल्या स्वरदाचं बोट नवव्या पानावर होतं. ऋतुराजनं ते बोट पाहिलं, मग पडदा पाहिला. बिंदुमाधवांनी एंटर दाबलं.

"बंद करके चालू कीजिए," तपासनीस म्हणाला.

काळ्या पडद्यावर एकच ओळ आली. सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही. बिंदुमाधवांनी तीनदा बंद-चालू केलं. मग ते मोठ्यानं पहिल्या पायरीपासून म्हणू लागले. सहाव्या पायरीवर थांबले. परत पहिल्यापासून धरलं. परत सहावी. हात हवेत तसाच राहिला.

"का गुरू, भुला गइला?" एका गिऱ्हाइकानं विचारलं. बाकीचे हसले.

तपासनिसानं तीच मार्गदर्शिका त्यांच्यापुढे सरकवली. "देख लीजिए. देखना मना थोड़े है."

"आम्ही पाहून म्हणत नाही," बिंदुमाधव म्हणाले. मराठीत म्हणाले, म्हणून तपासनिसानं ऋतुराजकडे पाहिलं.

"कह रहे हैं, नहीं आता," ऋतुराज म्हणाला.

बिंदुमाधवांना हिंदी उत्तम येतं. त्यांनी ते खोडून काढलं नाही.

दुसऱ्या लॅपटॉपवर स्वरदानं ओळीखाली बोट ठेवत, पान उलटत, बावीस मिनिटांत टूल चालवून दाखवलं.

संध्याकाळी ऋतुराजनं तिला विचारलं, "काका काय करतायत, तुला समजलं होतं?"

"हो," ती म्हणाली. "आणि तुलाही."

बिंदुमाधवांना काढलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोणी घेतलं नसतं, हे तिघांनाही माहीत होतं. त्यांना दाराजवळचं स्टूल आणि कीबोर्ड साफ करायचं काम मिळालं. पुन्हा लॅपटॉप उघडायचा असेल तर बारा पानं स्वरदासमोर मोठ्यानं वाचून दाखवायची, असा नियम झाला. नियम तिचा आणि फक्त त्यांच्यासाठी.

सोमवारी त्यांनी चष्मा लावून वाचायला घेतलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. नवव्या पानावर त्यांनी नजर वर केली आणि चौकटीतलं वाक्य पाठ म्हटल्यासारखं म्हणून टाकलं. एक शब्द मागे-पुढे झाला.

"पुन्हा," स्वरदा मान वर न करता म्हणाली.

त्यांनी पहिलं पान काढलं. वाचता वाचता उजवा हात मांडीवरून उठला.

"हात खाली," ती म्हणाली. "बोट ओळीवर."