चिंचेने घासलेली अकरा नाणी

महादेव ओतारी गेल्याची बातमी साकोलीच्या बसच्या कंडक्टरने आमच्या एकोडीत आणली, त्याला पाच आठवडे झाले. या दिवसांत मी चारदा लिहायला बसलो आणि चारही वेळा त्याची थोरवी गाऊन कागद फाडले. थोरवी लिहिली की स्वतःबद्दल लिहावे लागत नाही…

महादेव साकोलीत पितळेची भांडी ओतायचा. सत्तरच्या दशकात त्याला नाण्यांचा नाद लागला, तोही मेक्सिकोच्या क्रांतीतल्या. टाकसाळ हाती नसलेल्या बंडखोरांनी मिळेल त्या तांब्याची, वाळूच्या साच्यात ओतलेली ती वेडीवाकडी नाणी. परदेशी संग्राहकांना त्याची इंग्रजी पत्रे मी लिहून द्यायचो. एकदा नाण्याचा काळा, खरखरीत पृष्ठभाग चाचपत तो म्हणाला, “गुर्जी, याचा ओतारी घाईत होता जी. साचा नीट दाबला नाही. मले त्याचा हात दिसून राहिला.”

पुढे मी शिकवायचो त्या शाळेने महादेवच्या नाण्यांचे प्रदर्शन भरवले. उद्घाटनाला मंत्री येणार होते. हारतुऱ्यांची टिंगल करण्यात माझी हयात गेली. पण आदल्या दिवशी ती अकरा काळी नाणी पांढऱ्या कापडावर मांडली आणि मला त्यांची लाज वाटली. पाहुणे यायचे म्हटले की आमच्याकडे तांब्यापितळेला चिंच लागते. मी ती घरी नेऊन चिंच आणि विटेच्या भुकटीने लख्ख, गुळगुळीत केली. मंत्र्यांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्यांना चहा हवा होता.

महादेवने पाहिले. “कोणी घासलं, गुर्जी?”

“घरच्यांनी.” बायकोवर ढकलणे इतके सोपे असते.

“वहिनीले बोलू नका. त्यायले का ठाऊक.”

पत्रे लिहून घ्यायला तो नंतरही येत राहिला. नवे नाणे मात्र दुरूनच दाखवायचा.

तेराव्याला आम्ही दोघे गेलो. त्याच्या बायकोने, पार्वतीबाईंनी, नाण्यांचा डबा पुढे ठेवला आणि माझ्या बायकोचा हात धरला. “बाई, नाणे तुमच्या हातून खराब झाले म्हून मनाले लावून घेऊ नका. ते कधीच रागावले नाही तुमच्यावर.”

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाली, “चुकलंच जी माझं.”

मी डब्यातली नाणी मोजत राहिलो.

पार्वतीबाईंना वाचता येत नाही. हे छापून आले की साकोलीला जाऊन त्यांना मीच वाचून दाखवणार आहे. कागद हातात नसला तर मी पुन्हा खोटे बोलेन. तो डबा मात्र त्यांनी तेव्हा आमच्या मध्ये ठेवू नये; ती गुळगुळीत नाणी समोर असली तर कागद असूनही मला वाचवणार नाही…