सायलेन्सर नसलेली गाडी

धुकं असं दाटलेलं, की आकारामला आपल्याच म्हशीची शिंगं दिसंनात. हौसाच्या कासेवर कोमट पाणी मारून तो धारेला बसला. आज अपिलाचा निकाल. अपील फेटाळलं तर सात वर्षं आत. आणि हौसा दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नव्हती.

"माझ्यापरास तिचीच काळजी तुमास्नी," बायको तानाबाई दारातनं म्हणाली.

"तू लाथ मारत न्हाईस की."

"आजून तरी."

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी मोटारसायकलीमागं पळवतात. मालकानं सायलेन्सर काढून गाडी पेटवायची, नि म्हशीनं त्या आवाजामागं उधळायचं. दोन वर्षांमागं हौसानं शेजारच्या पिराजीच्या म्हशीला अख्ख्या गल्लीदेखत मागं टाकलं. तिथंच पिराजीच्या पोटात दुखायला लागलं.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी आजऱ्याचा एक काजूवाला पन्हाळ्याच्या रस्त्याला झाडाखाली जीप लावून झोपला होता. तोंडाला फडकी बांधलेल्या दोघांनी सुरा लावून त्याची सोन्याची साखळी नेली. ती संध्याकाळच्या आतच सापडली पिराजीच्या घरात. पिराजी लगोलग माफीचा साक्षीदार झाला आणि जोडीदार म्हणून बेधडक आकारामचं नाव घेऊन मोकळा झाला. "त्याच्याच गाडीवरनं गेलतो. पार जीपला चिकटून लावली." त्या दुपारी आकाराम गोठ्यात होता, पण साक्षीला फक्त हौसा. खालच्या कोर्टानं शिक्षा ठोकली; अपिलाचा निकाल लागेपर्यंत तेवढा जामीन मिळाला.

अपिलात वकील अदितीताईंनी दोनच कागद वाचले. पहिला त्याच संध्याकाळी केलेला गाडीजप्तीचा पंचनामा: 'सायलेन्सर नाही.' दुसरी काजूवाल्याची जबानी: 'गाढ झोपेत होतो. साखळीला हिसका बसला तेव्हाच जाग आली.'

"साहेब, गुन्ह्यातल्या भागीदाराच्या शब्दाला दुसरा आधार लागतो. इथं फिर्यादीची झोपच त्याला खोटं पाडतीय."

"एवढा आवाज असतो?" जज्जसाहेबांनी विचारलं.

आकारामला राहवलं नाही. "साहेब, शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं काढून ठार बहिरा झालेला आमचा गुंडूआण्णा पाडव्याला 'हळू बोला की रं' म्हणत भाईर आलता!"

पट्टेवाल्यानं त्याला गप्प केलं, पण जज्जसाहेबांना रुमाल तोंडाला लावावा लागला होता.

आज निकाल आला: निर्दोष.

"काका, आता तरी सायलेन्सर बसवा," अदितीताई पायरीवर म्हणाल्या.

"बसवतो की. पर ताई, हौसाला इचारून."

जामिनावर सोडवून आणलेली गाडी धडाडत गल्लीत शिरली तशी पिराजीची खिडकी धाडकन मिटली. गोठ्यात हौसा दाव्याला हिसके देत होती. तानाबाई दारात उभी. डोळे भरलेले, पण तोंड तिखट.

"सुटलासा न्हवं? तिठ्यावरनंच ऐकू आलं. आता ती बंद करा, दावं तुटंल."

आकारामनं गाडी बंद केली, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली आणि बादली घेऊन उकिडवा बसला.

"कोमट पाणी आण गं," तो म्हणाला. "टाइम टळलाय, पान्हा चोरंल ही."