सोऱ्यात बसलेली इंजिनाची चकती

माझी बायको केरोसीनवर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचा एक भाग डिझाइन करते. तो भाग म्हणजे वाटीच्या तोंडाएवढी चकती. तिच्या बारीक भोकांतून केरोसीन जळायच्या जागी फवारलं जातं. फवारा एका बाजूला कमी पडला तर त्या बाजूची भिंत जळते. शनिवारी तिने पितळेची नमुना चकती मुरबाडच्या वर्कशॉपमधून खर्डीला घरी आणली. सोमवारी चाचणी होती. ती फसली तर तिचं डिझाइन बाद होणार होतं.

चकतीला मशीनचं तेल लागलं होतं. बायकोने ती साबणाने घासून भांड्यांच्या जाळीत पालथी घातली. आमच्याकडे जाळीत निथळणारी वस्तू स्वयंपाकघराची समजतात. त्यात आईच्या सोऱ्याची शेवेची चकती महिन्यापूर्वी चिरलेली. रविवारी दुपारी आम्ही आटगावहून परतलो तेव्हा घरात तळणाचा वास होता.

"नवी चकती आणलीस, सांगायचं नाय गो?" आई म्हणाली. "घट्ट होती. जरा ठोकून बसवली."

बायको खाली बसली. "कशानं ठोकली, आई?"

"वरवंट्यानं. हलकीच."

मी शेव चाखली. कुरकुरीत होती.

"पण कारागीर अडाणी हाय तुझा. कडेची शेव जाड, मधली बारीक."

"ते मुद्दाम केलंय. कडेनं जास्त केरोसीन गेलं की भिंत थंड राहते."

"बरं, असंल. मग कडेच्याच या तीन का सुतासारख्या?"

बायको उठली. तिने आईला पुन्हा घाणा घालायला लावला. तीन शेवा बारीकच. चकती अर्धी फिरवून बसवली, तर बारीक शेवाही पलीकडे गेल्या. म्हणजे दोष पिठाचा नव्हता. चकती धुऊन उजेडात धरली, तेव्हा तीन भोकांत ड्रिल करताना सुटलेली धातूची बारीक कोर राहिलेली दिसली. वरवंटा निर्दोष होता.

सोमवारी ती आधी मुरबाडला गेली, भोकं साफ करून घेतली आणि मग चाचणीला पोचली. फॉर्मवर 'आधीची तपासणी' असा रकाना होता. तिने लिहिलं, 'घट्ट पदार्थ दाबून, दोन वेळा.' साहेबांनी पदार्थ विचारला. तिने सांगितला.

फवारा सगळ्या बाजूंनी नीट पडला. डिझाइन राहिलं. साहेबांनी तपासणीचा नमुना मागवला. आईने डबा भरून दिला.

"खुशाल खावा म्हणावं," ती म्हणाली. "पण माझी चकती कधी देणार, ते विचार."