गीझर खातं सासऱ्यांकडे

आमचे सासरे, म्हणजे बाबा, चाळीस वर्षं छापखान्यात होते. निवृत्त झाले आणि घरात लुडबुड करू लागले. दूध उतू घालवलं, आम्ही गॅस खातं काढून घेतलं. माझा कुर्ता जाळला, इस्त्री काढून घेतली. राहता राहिलं गीझर खातं. ते मात्र त्यांनी इमानेइतबारे सांभाळलं. कोणी अंथरुणातून पाय खाली टाकला, की यांनी बटण दाबलंच. माया बोलून दाखवायची सवय नव्हती, पाणी तापवायचे.

गीझर तापलेल्या कढईसारखा चरचरायला लागला, म्हणून फिटरला बोलावलं. त्याने बटण बंद केलं, वायर काढली आणि स्टुलावर बसून राहिला.

"काम कधी सुरू करणार?" मी विचारलं.

"सुरूच आहे. पाणी गार होतंय."

माझं डोकं फिरलं, पण तो तासभर हलला नाही. मग आत येणारं पाणी बंद केलं, गीझरच्या टाकीत हवा जायला गरम पाण्याचा नळ उघडला आणि खालून पाइप लावला. चुन्याचा नुसता चिखल निघाला. स्वच्छ पाणी येईपर्यंत तो टाकी धूत राहिला आणि स्वतः नखशिखांत भिजला.

टाकी रिकामी, त्याचे दोन्ही हात गीझरला, आणि बाबा तिथून गेले. टक. बटणावरचा दिवा लागला.

"भिजलास रे. गरम पाण्याने आंघोळ करून जा," बाबा म्हणाले.

फिटरने मान वळवली नाही. "वायर काढलेली आहे. प्रत्येक घरात एक मायाळू माणूस असतंच."

माझा नवरा मात्र तडकला. "आज माणूस गेला असता, बाबा. यापुढे त्या बटणाला हात लावायचा नाही."

"बरं," बाबा म्हणाले. मला नवऱ्याचा भयंकर राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

फिटरने टाकी भरली, नळाची धार न फुरफुरता सलग येईपर्यंत थांबला, मगच वायर जोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीत बसलेले. हात मांडीवर, जणू दुसऱ्या कोणाचे सांभाळायला दिलेत. मी टॉवेल घेऊन समोर उभी राहिले.

"बाबा, पाणी?"

"त्याला विचार."

"तो घोरतोय. टाकी भरलेली आहे, कोणी दुरुस्तीला बसलेलं नाही. मला केस धुवायचेत. उठा."

ते उठले, चप्पलही न घालता.

केस मी कालच धुतले होते. पुन्हा धुतले.